बेडकांचा डिस्चार्ज

भाडेकरूला आधी बेडकांचे नियम सांगितले जातात, असं घर मी आयुष्यात एकच पाहिलं. विमा कंपनीच्या कचेरीत बदली होऊन मी रत्नागिरीला आले होते. सोबत एक बॅग, एक स्कूटर आणि बार्शीहून निघताना आईने बांधून दिलेला शेंगाचटणीचा डबा. घरमालकीणबाई दारात उभ्या होत्या. उंच, सडसडीत, केस घट्ट ओढून बांधलेले, मनगटावरच्या घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला. सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत नव्हती.

“पाणी सकाळी येतं, भरून ठेवायचं. ओला कचरा वेगळा. मागच्या हौदात पेशंट आहेत. तिकडे कपडे धुवायचे नाहीत, साबणाचं पाणी ओतायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. भेटीची वेळ संध्याकाळी पाच ते सहा.”

“पेशंट म्हणजे?”

“बेडूक,” त्या म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

आमच्या बार्शीकडे बेडूक दिसला की माणसं आधी आभाळाकडे बघतात. इथे ऐन थंडीत माझी मालकीण रोज सकाळी थर्मामीटर घेऊन बेडकांच्या राउंडला निघायची. हो, तापाचाच थर्मामीटर. तो हौदाच्या पाण्यात काहीही दाखवत नसणार, हे मी एकदा धीर करून सुचवलं. घरमालकीणबाईंना मी एव्हाना काकी म्हणू लागले होते. “ठाऊक आहे,” काकी म्हणाल्या, “पण रिकाम्या हाताने राउंड घ्यायला मला जमत नाही.” पुढे माझ्या लक्षात आलं, की काकींना वेड्यात काढायला गेलं की त्या आधीच तिथे जाऊन बसलेल्या असतात. त्यामुळे आपली मजाच जाते.

हे पेशंट यायचे चिरेखाणीतून. शहराच्या वरच्या अंगाला सड्यावर, म्हणजे तिकडच्या खडकाळ पठारावर, जांभ्या दगडाच्या खाणी आहेत. चिरे कापून कापून त्यांच्या भिंती सरळ उभ्या झालेल्या. पावसाळ्यात खाणी तुडुंब भरतात, बेडूक तिथे अंडी घालतात, आणि दिवाळीनंतर काम सुरू करायला पंप लावून पाणी उपसलं जातं. उशिरा जन्मलेली, अंगठ्याएवढी पिल्लं तळाच्या डबक्यात अडकतात. वर चढता येत नाही, खाली मशीन फिरतं. पाणी उपसायला लागले की काकी चहाची गाळणी आणि झाकणाला भोकं पाडलेला डबा घेऊन खाणीत उतरायच्या. कामगार मशीन बंद करून उभे राहायचे. “डॉक्टरीणबाई आल्या,” कोणीतरी म्हणायचं. “सिस्टर,” काकी डबक्यातूनच दुरुस्त करायच्या.

मग थंडीभर ती सगळी प्रजा मागच्या जुन्या हौदात. तळाला वीतभर पाणी, एका बाजूला चिऱ्यांचा ढीग, त्यावर भिजवलेली नारळाची सोडणं, वरून मच्छरदाणी. शेजारचं मांजर आणि एक धामण ही दोन नावं काकींनी कायमची प्रवेशबंद केलेली होती.

“आणि रानातले बाकीचे बेडूक काय करतात? त्यांना कोण अॅडमिट करून घेतं?” मी विचारलं.

“ते जमिनीत शिरून बसतात. पण त्यांना जमीन असते. यांच्या जमिनीचे चिरे झाले. तुझी खोली त्याच चिऱ्यांची आहे.”

त्या दिवसापासून माझ्या बाथरूमचा दिवा संध्याकाळी तासभर जळत राहू लागला. दिव्यावर येणारे किडे पेशंटांच्या जेवणासाठी हवे होते. किडे धरायचं काम अर्थातच माझं. ऑफिसातून दमून आल्यावर आरशासमोर उभी राहून मी प्लास्टिकच्या बरणीत पाखरं गोळा करत असे. बार्शीला आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “भाडं तरी कमी घेतात का?”

काकींना मूलबाळ नव्हतं. यजमान लवकर गेलेले. पेन्शन, खालचं घर, वरची माझी खोली आणि हौद एवढा त्यांचा संसार. आणि एक तत्त्व. कोणाचं काही म्हणून घ्यायचं नाही. नोकरीत असताना बाळंतिणीच्या घरच्यांनी आणलेला पेढासुद्धा त्यांनी खाल्ला नव्हता. आंब्याची पेटी कोणी ठेवून गेलं, तर दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात वाटून मोकळ्या व्हायच्या. मी पहिल्या आठवड्यात वाटीभर शेंगाचटणी दिली. तासाभरात वाटी परत आली, सोलांनी भरून. कोकमाची ती सोलं इतकी छान होती की मी वाटीत बेसनाचे लाडू ठेवून पाठवले. वाटी परत आली, काजूगर घालून. मग मी इरेला पेटले. हुलग्याचं माडगं, कडक भाकरी, बार्शीहून मागवलेला खवा. तिकडून सांदण, फणसाची साटं, आंबोशी. शेवटी एका संध्याकाळी माझ्याकडे वाटीत घालायला काही उरलं नाही, आणि वाटी तर माझ्याकडे. मी ती रिकामीच नेऊन दिली. काकींनी वाटी उजेडात धरून पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो विजय पसरला, तो मी कधी विसरणार नाही.

“चहा तरी घ्या एकदा माझ्याकडे,” मी म्हणायची.

“नको गो. सवय लागते.”

चहाची की घेण्याची, हे त्या सांगत नसत.

डिस्चार्ज शिमग्यानंतर. पालख्या देवळात परतल्या, थंडीचा कोरडा वारा थांबला, दिव्यावर किडे वाढले की काकी जाहीर करायच्या, “आता सोडायला हरकत नाही.” पण त्याआधी जागा बघणं असे. पहिल्या वर्षी मी म्हटलं, “बेडूक तर आहेत. कुठल्याही पाण्यात सोडा.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी सलाइनची बाटली उलटी लावली.

“पेशंट बरा झाला म्हणून सोडायचा नसतो. घरी त्याचं कोण बघणार आहे, ते बघून सोडायचा.”

नोकरीत त्यांनी हेच केलं होतं. एका आजीला न्यायला मुलगे येईनात. डॉक्टर म्हणाले, बाई ठणठणीत आहे, घरी पाठवा. तर त्या आजीला रोज नवा खोकला होऊ लागला, आणि तो खोकला केसपेपरवर काकी लिहीत होत्या. मुलगे आले, त्यांनी आजीसाठी आणलेली चादर काकींनी बघितली, तेव्हाच खोकला थांबला.

पहिल्या वर्षी आम्ही जवळच्याच एका पऱ्यावर गेलो. पऱ्या म्हणजे तिकडचा ओढा. गावकऱ्यांनी दगडमातीचा बांध घालून पाणी अडवलेलं, काठाला गवत, वर करंजाची सावली. काकी पाण्यात उभ्या राहून एकेका पिल्लाला तळहातावर घेत, पोट बघत, मग हात पाण्याला टेकवत. पिल्लू विचार करायचं आणि जायचं. मी मागे टब धरून उभी. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. खरं सांगायचं तर डास चावत होते.

दुसऱ्या वर्षी त्या पऱ्यावर रस्त्यासाठी मोरीचं काम निघालं. डोह भरावाखाली गेला. काकी काठावर उभ्या राहून ती लाल माती बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “चल, दुसरं घर बघू.”

त्या मार्चमध्ये मी माझ्या स्कूटरवरून जितकं कोकण पाहिलं तितकं कोणत्याही पर्यटकाने पाहिलं नसेल, आणि सगळं नापास झालेलं. पावसच्या बाजूला आंब्याच्या बागेत छान तळं होतं. काकींनी हवेत नाक धरलं. “फवारणी झाली आहे. हे सगळं पाण्यात येणार.” एका देवळाची तळी बघितली, तर तिच्यात हातभर लांबीचे मासे. “हा काय डिस्चार्ज? हा तर नैवेद्य.” पूर्णगडला ओळखीच्यांची विहीर होती, तिला चढायला एक पायरी नव्हती. “पुन्हा खाणच.” तिथल्या बाईंनी खाडीचं सुचवलं. खारं पाणी म्हटल्यावर काकी सरळ स्कूटरवर जाऊन बसल्या.

इकडे ऊन तापू लागलं. हौद उघड्यावर. काकी दिवसातून किती वेळा गोणपाट भिजवून वर टाकायच्या याला गणती नाही. तरी सकाळी एखादं पिल्लू पोट वर करून तरंगताना मिळू लागलं. काकी ते चिमट्याने उचलायच्या, तगरीच्या मुळाशी पुरायच्या, आणि त्या दिवशी राउंडला थर्मामीटर न्यायच्या नाहीत. मला ते सगळ्यात वाईट वाटायचं.

“काकी, तुमच्या सासरच्या गावात पाट आहे म्हणाला होतात ना? बारमाही?”

“आहे.”

“मग?”

“तिथे माझी जाऊ राहते.”

आणि मग त्या हौदाच्या कठड्यावर बसून साडीची गोष्ट निघाली. ही गोष्ट फक्त आपल्याकडेच घडू शकते. जावेच्या मुलाचं लग्न होतं. काकी थोरल्या, त्यांना मानाची साडी. आमसुली रंगाची, चांगली. घरी येऊन उघडली तर फॉल आधीच लावलेला. आणि फॉलचे टाके काकींचे स्वतःचे. त्या लग्नाच्या दोन वर्षं आधी पूजेला त्यांनीच ती साडी जावेला दिली होती. ती फिरून घरी आली.

“टाके कशावरून तुमचेच?”

“आयुष्यभर टाके घालणाऱ्या बाईला विचारतेस?”

“पण तुम्ही फॉल लावून दिली होतीत? म्हणजे आधी स्वतःसाठी घेतली होती?”

काकी जरा घुटमळल्या. “मला निरोप समारंभात मिळाली होती. मी कोणाचं ठेवत नाही.”

“म्हणजे तुम्हीही आलेलीच दिली होती.”

“ते वेगळं,” काकी म्हणाल्या.

साडी त्यांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर परत पाठवली. जावेने ती घेतली की नाही, त्यांना कळलं नाही. तेव्हापासून बोलणं बंद. मधे दीर वारले. काकी दहाव्याला गेल्या, दोघी एकमेकींच्या खांद्यावर रडल्या, पण बोलल्या नाहीत. आता जावेचे मुलगे मुंबईत, आणि ती एकटी त्या आगरात. माड, पोफळी, पाटाचं पाणी, खाली उन्हाळी भाताचं एक खाचर. फवारणी नाही, कारण फवारायला कोणी नाही.

“मग जाऊ या की.”

“तिच्याकडे मागायला?” काकी उठल्या आणि गोणपाट भिजवायला लागल्या. विषय संपला.

पुढचे दोन-तीन दिवस त्यांनी मला कोणतीही जागा बघायला सांगितलं नाही. हौदाशी बसून असायच्या. मी राग गिळून बरणीत किडे भरत होते. माझ्या मनात येत होतं, एवढ्याशा जिवांपेक्षा एक साडी मोठी? रविवारी दुपारचं जेवण आटपून मी लवंडणार, तोच दारावर थाप पडली. काकी इस्त्रीची साडी नेसून उभ्या, पायाशी ओल्या फडक्याने झाकलेला टब.

“स्कूटर काढ.”

मला सगळं कळलं. मी घाईघाईने म्हटलं, “काहीतरी घेऊन जाऊ. नारळवडी? माझ्याकडे खव्याचे पेढे आहेत.”

“काही नको,” काकी म्हणाल्या. “मागायला जाताना काही नेलं की ते मागणं राहत नाही, देवघेव होते. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही.” ज्या बाईने जन्मात कोणाकडे चमचाभर साखर मागितली नव्हती, ती माझ्या मागे टब मांडीवर घेऊन बसली. पावस सोडून आम्ही आत वळलो. वाटभर खड्डा आला की ती माझ्या पाठीवर बोट टोचायची. पेशंट होते ना बरोबर.

आगराच्या बेड्याशी, म्हणजे बांबू सरकवून उघडायच्या फाटकाशी, मी स्कूटर थांबवली. आत एक ठेंगणी म्हातारी पाटाची माती ओढून पाणी पोफळींकडे वळवत होती. तिने मान वर केली. काकींना पाहिलं. खोरं हातातून सोडलं नाही.

“कोन गो तू?” तिने मला विचारलं.

मी कोण ते सांगितलं. काकी बेड्याबाहेरच उभ्या. मला म्हणाल्या, “तिला सांग, बेडकांची पिल्लं आणली आहेत. रत्नागिरीत पाणी मिळत नाही. तिच्याकडे सोडू देईल का, विचार.”

दोघींत चार हातांचं अंतर होतं. मी निरोप सांगितला. दोघींनाही आधीच ऐकू गेलेला.

“बेडकां?” जाऊबाई म्हणाल्या. “इचार तिला, मानसां सोडून बेडकां पालायला कंदीपासून लागली?”

“सांग, बेडूक दिलेलं परत करत नाहीत.”

मी हे सांगितलं नाही. गरजही नव्हती. जाऊबाईंनी खोरं टेकवलं, बांबू सरकवला, आणि टबावरचं फडकं उचलून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दोन पिल्लं कडेला चिकटून धापा टाकत होती.

“येवडी येवडी हायत,” त्या हळूच म्हणाल्या. मग मला, “पाटात नको. पान्याला जोर हाय, व्हावून जातील. खाली खाचरात सोडा. पन आता नाय, बगले बसलेत. सांजचे उठतात. तंवर थांबा म्हनावं.”

थांबलो. अंगणात जाऊबाई एका टोकाला सुपाऱ्या कातरत, काकी दुसऱ्या टोकाला टबावर पाणी शिंपडत, आणि मधे मी, जिल्हा परिषदेच्या हद्दीवरच्या दगडासारखी. चहा आला. काकींनी कपाकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या. दोन्ही कप मी प्यायले. जाऊबाईंनी ते बघून न बघितल्यासारखं केलं, पण सुपारीवरचा अडकित्ता जरा जोरात वाजला. मला वाटलं, झालं. आता बेडूक सोडायचे, स्कूटर वळवायची आणि या दोघी मरेपर्यंत अशाच राहणार.

ऊन उतरलं. बगळे उठले, खाडीकडे गेले. काकी टब उचलायला वाकल्या, तर दुसऱ्या बाजूच्या कडीला जाऊबाईंचा हात. दोघी तो टब मधे धरून बांधावरून चालू लागल्या, पावलं जुळेनात म्हणून दोनदा थांबल्या. मी मागून रिकाम्या हाताने.

खाचरात घोटाभर पाणी उभं होतं आणि भात गुडघ्याला लागत होता. काकींनी साडी खोचली, चिखलात उतरल्या, आणि पहिलं पिल्लू तळहातावर घेतलं. पोट बघितलं. हात पाण्याला टेकवला. पिल्लू क्षणभर बसलं आणि भातात शिरलं. मग दुसरं. जाऊबाई बांधावर उकिडव्या बसून टब कलता धरून होत्या. थोड्या वेळाने त्यांनीही एक पिल्लू हातात घेतलं. “गार लागतंय गो,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या आणि त्याला इतक्या अलगद ठेवलं की पाणी हललंसुद्धा नाही. शेवटची ती धापा टाकणारी दोन राहिली होती. एक लगेच गेलं. दुसरं काकींच्या बोटाला धरून बसलं, काही केल्या सोडेना. काकी चिखलात तशाच वाकून उभ्या. त्यांची कंबर दुखत असणार, पण त्या हलल्या नाहीत. आणि मग ते गेलं.

आम्ही थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिलो. एकही दिसेना. या खेपेला डास चावत होते तरी मला निघावंसं वाटत नव्हतं.

पाटावर पाय धुवायला आलो तोवर पोफळींत अंधारून आलं होतं. जाऊबाई पायरीवर चढल्या, वळल्या, आणि मला म्हणाल्या, “इचार तिला, रातीचा भात लावू काय. आता काळोखाची कुटं जातीस तिला घेवन.”

मी काकींकडे वळले. त्या पायाच्या बोटांतला चिखल काढत होत्या. “काकी, त्या विचारताहेत की...”

काकींनी मला हातानेच थांबवलं. मान वर केली. सरळ जावेकडे पाहिलं.

“लाव,” त्या म्हणाल्या. “पण पाणी वायच जास्त घाल. तुझा भात कायम फडफडीत होतो.”

इतक्या वर्षांनी बोलली बाई, ती हे बोलली. मी डोळे मिटून घेतले.

“मग तूच ये नि घाल,” जाऊबाई म्हणाल्या, “थोरलेपन तितंच दाकव.”

काकी उठल्या, पदराला हात पुसले आणि चुलीकडे गेल्या. निरोप पोचवायला आता माझी गरज उरली नव्हती. मी पायरीवर बसले. आत दोघींचं भाताच्या पाण्यावरून जुंपलं, ते मी बाहेर बसून पोटभर ऐकलं.